पंगतीला न थांबणाऱ्या शेवया

सायगावात राहून मी उत्तम स्वयंपाक शिकलो, ही थाप मी रजेवर घरी आलो त्याच दिवशी, पायांवर पाणी घेतो न घेतो तोच मारली. कोणी विचारलं नव्हतं. आईनं फक्त "वाळलास रे" एवढंच म्हटलं होतं. त्यावर मी म्हणालो, "छे, वाळतोय कशाला? हातानं करून खातो, मनासारखं खातो." आईचा चेहरा असा काही झाला की मला आणखी बोलावंसं वाटलं, आणि मी बोलत गेलो.

खरं सांगायचं तर सायगावात मी कधी चहासुद्धा केला नव्हता. मुंबईच्या एका कापडाच्या व्यापाऱ्याची तिथं पेढी होती आणि मी त्या पेढीवर कारकून होतो. मुलूख अनामी म्हणवणाऱ्या तिथल्या लोकांचा, राज्य फ्रेंचांचं, आणि आम्ही मधल्या मध्ये कापडाचे तागे मोजणारे. सकाळचा वरणभात पेढीचा स्वयंपाकी करायचा. संध्याकाळी मात्र तो देवदर्शनाला म्हणून जो जायचा तो जेवणवेळ उलटल्यावर उगवायचा, म्हणून मी कोपऱ्यावर जायचो. तिथं एक अनामी बाई शेगडी मांडून बसलेली असे.

तिचं काम बघत उभं राहणं हा माझा त्या शहरातला मुख्य उद्योग होता. निखारे लालभडक फुललेले, वर पातळ लोखंडी कढई. तेल टाकलं की धूर निघायचा. त्यात ठेचलेला लसूण, मूठभर मोड आलेले मूग, पातीचा कांदा, आणि बादलीतून काढलेल्या ओल्या शेवया. उलथनं फिरलं न फिरलं तोच सगळं वाडग्यात पडायचं. वर दाण्याचा जाडसर कूट, मिरची, लिंबू. गिऱ्हाईक तिथंच उभ्यानं किंवा वीतभर उंचीच्या स्टुलावर बसून खायचं. बाजारात भाजी विकून आलेल्या बाया टोपल्या खाली ठेवायच्या, वाडगा हातात घ्यायच्या आणि फुंकर घालत खायला लागायच्या. एक घास तोंडात, दुसरा वाटेवर, तिसऱ्याला वेळ नाही.

हे सगळं मी घरी इतक्या वेळा आणि इतकं रंगवून सांगितलं की हळूहळू त्या गोष्टीतली बाई गळाली आणि तिच्या जागी शेगडीपुढे मीच बसलो. मासळीचं खारं पाणी ती बाटलीतून शिंपडायची, तेही गळालं. अंड्याचा तर मी विषयच काढला नाही. उरलं ते इतकं सोवळं जेवण होतं की काळ्या रामाच्या देवळातही चाललं असतं.

थापा मारायला कारण होतं, आणि ते कारण आतल्या खोलीत बसून सगळं ऐकत होतं. लग्न झालं आणि वर्ष सरायच्या आत मी बोटीवर चढलो होतो. बायको मागं राहिली, आमच्या तांबट आळीतल्या माडीवरच्या दोन खोल्यांत, आईबरोबर. खाली दिवसभर तांब्याची भांडी ठोकली जात, वर या दोघी एकमेकींशी जेवढ्यास तेवढं बोलत. आता मालकानं मला सायगावात वेगळी खोली देऊ केली होती. बायकोला घेऊन जावं असं मला फार वाटत होतं. तिलाही वाटत होतं. पण वडील गेल्यापासून घरातली मोठी गोष्ट आई सायखेड्याच्या मामांना विचारल्याशिवाय ठरवत नसे, आणि मामांचं मत आधीच येऊन पोचलं होतं: बायकामाणसाचं तिथं काय काम?

आईचं म्हणणं वेगळं होतं. "पोरीला तिथं काय खायला घालशील? बेडूक?"

मी हसलो, पण घाबरलो, कारण बेडूक तिथं खरोखरच मिळत.

बायको आईसमोर हा विषय काढत नसे. मला मात्र सज्जात गाठून म्हणाली, "मी ट्रंक भरून ठेवली आहे. न्यायचं नसेल तर आत्ताच सांगा, म्हणजे लुगडी परत दांडीवर टाकते." आवाज साधा होता, पण तिचे डोळे भरले होते. मला इतकं अपराध्यासारखं झालं की मी तिला वचन देऊन बसलो. वचन देणं मला नेहमीच सोपं गेलं आहे.

तेव्हा मी माझ्या मते फार धूर्त बेत केला. मामांना रविवारी जेवायला बोलवायचं आणि सायगावचं जेवण त्यांच्यासमोर करून दाखवायचं. शेवया, मूग, कांदा, लसूण, दाणे, लिंबू. यात परकं काय आहे? आपलंच सगळं. एकदा मामांनी खाल्लं की 'खायला काय घालशील' हा प्रश्न मिटला, आणि तो मिटला की बाकीचं आपोआप मिटेल. "चहा होतो तेवढ्यात होतं," मी आईला सांगितलं. हे एक वाक्य मात्र खरं होतं, आणि त्यानंच माझा घात केला.

आता आईच्या शेवयांबद्दल सांगायला हवं. उन्हाळ्यात आमच्या माडीवर शेवया होत तेव्हा आळीतल्या बायका नुसत्या बघायला यायच्या. पाटावर तिचा तळवा फिरला की खाली अशी बारीक तार सुटायची की सुईत ओवावी. तो तिचा अभिमान होता. बायकोनं लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तिच्या शेजारी पाट मांडला, आणि तिच्या हातून निघाल्या त्या जाड्याभरड्या. आई एवढंच म्हणाली, "या शेवया म्हणायच्या की चऱ्हाट?" ते चऱ्हाट फडताळाच्या अगदी खालच्या कप्प्यात वेगळ्या डब्यात गेलं. दर उन्हाळ्यात त्यात थोडी भर पडे, आणि तो डबा पाहुण्यांसमोर कधीच उघडला जात नसे.

रविवारी सकाळी मी आईचा डबा काढला. बायको हळूच म्हणाली, "अहो, त्या जाड्या घ्या ना. तिकडच्या जाड असतात असं तुम्हीच सांगता."

"मामांच्या ताटात चऱ्हाट वाढू?" मी म्हणालो. शेजारी आई उभी होती, म्हणून जरा मोठ्यानंच म्हणालो. आई खूश झाली. बायको मूग निवडायला लागली.

मामा सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं आले. उंच, पांढरा पटका, हातात काठी, आणि पिशवीत आमच्यासाठी शेतातली वांगी. त्यांनी मला कमरेला पंचा गुंडाळून चुलीपुढे बसलेलं पाहिलं आणि दारातच थांबले. "काय भाचेबुवा, फ्रेंचांनी आचारी केला व्हय तुला?"

"बसा मामा, बघा तर खरं," मी म्हणालो.

"बसतो की. पाय धुतो, खाली तांबटाकडं एक घागर टाकलीय ठोकाला, ती बघतो, नि बसतो."

ते खाली गेले आणि मी लाकडं पुढे सारली. इथं मला स्वतःविषयी एक चांगली गोष्ट सांगता येईल, ती सांगून घेतो, कारण पुढे तशी संधी नाही. पहिला घाणा मला जमला. खरंच जमला. शेवयांवर कढत पाणी ओतून मी त्या लगेच निथळल्या, कढई धुरावली, लसूण पडला, मूग तडतडले, शेवया पडल्या आणि मी उलथनं असं फिरवलं की आई दोन पावलं मागं सरली. वास सज्जातून खाली गेला. तांबटांची ठोकाठोक क्षणभर थांबली. कोपऱ्यावरच्या बाईनं पाहिलं असतं तर तिनंही मान डोलावली असती. मी कढई उतरवली आणि ओरडलो, "झालं! बसा!"

कोणीही बसलं नाही.

"बसा काय बसा?" आई म्हणाली. "पाट मांडलेत का? रांगोळी कुठाय? ताटं घेतलीस?"

सायगावच्या त्या शेवयांचा सगळा जीव त्या क्षणात असतो. कढईतून वाडग्यात, वाडग्यातून तोंडात. मधे कोणी आलं की त्या रुसतात. आणि आमच्या घरात कढई उतरल्यापासून घास तोंडात जाईपर्यंत मधे काय काय येतं, याचा मी जन्मात कधी विचार केला नव्हता, कारण मी नेहमी मांडलेल्या पाटावर येऊन बसणारा. पाट आले. रांगोळी आली. तांबे-भांडी आली. डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी. मग नैवेद्य. कांदालसणाचं देवाला कसं दाखवायचं, यावर आई अडली. मी म्हणालो, वरणभाताचा दाखव. तेव्हा कळलं की भात अजून शिजायचा आहे, कारण त्याच चुलीवर मी माझी करामत करत होतो. भात शिजला. नैवेद्य झाला. मामांना खालून हाका मारल्या. ते घागरीच्या बुडाबद्दल तांबटाशी वाद घालत होते आणि वाद अर्धवट सोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

एवढ्या वेळात निवू नये म्हणून आईनं माझ्या कढईवर ताट झाकलं, आणि ताटावर पाणी ठेवलं. आपल्याकडे भाजीला वाफ आणतात तशी. मायेनं केलं. मी पाहिलं, पण काय होणार ते मला ठाऊकच नव्हतं. तिकडे त्या बाईच्या कढईवर झाकण कधी पडलंच नव्हतं.

अखेर मामा आणि मी पाटावर बसलो. आई म्हणाली, आधी वरणभात. मग पोळी, वांग्याची भाजी. "तुझं ते मागून वाढते, नवा पदार्थ आहे." मी अडून बसलो तेव्हा तिनं कढई आणली, ताट काढलं आणि उलथनं घातलं. उलथन्याबरोबर सगळंच्या सगळं उठलं. आईनं ते मामांच्या ताटात उपडं केलं. कढईचा आकार त्यानं जराही सोडला नाही. बारीक, सुईत ओवण्याजोग्या त्या शेवयांची संक्रांतीला पतंग चिकटवायची खळ झाली होती, आणि त्या खळीत मूग डोळे मिटून पडले होते.

मामांनी ते बोटानं टोचून बघितलं.

"हे कापायचं का फोडायचं?" त्यांनी विचारलं.

"मोडून घ्या," मी म्हणालो.

त्यांनी एक ढेकूळ मोडलं, तोंडात टाकलं, आणि ते घोळवत बसले. म्हाताऱ्या माणसाचं तोंड भरलेलं असताना त्याच्याकडे आशेनं बघत बसण्याइतकं लाजिरवाणं दुसरं काही नाही. "तिथं रोज हेच खातात?"

"रोज."

"लय सोसतात बिचारे." मग आईकडे वळून म्हणाले, "थोडं दूध-गूळ आण गं. शेवयाच हायेत, खीर म्हणून खाऊ." लसूण घातलेल्या शेवयांवर दूध ओतण्यापासून मी त्यांना कसंबसं थांबवलं. त्यांनी उरलेलं पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं, कारण ताटात टाकणं त्यांना माहीत नव्हतं. हात धुताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. रागावले असते तर बरं वाटलं असतं. "भाच्या, तू जा एकटा. पुरुषाचं कसंबी निभतं. पोरीला कशाला उपाशी मारतो? ती नाय यायची."

मामा म्हणाले, म्हणजे ठरलं. मामा पान खाऊन पुढच्या खोलीत लवंडले. मी सज्जात जाऊन उभा राहिलो. आतल्या कोपऱ्यात भरून ठेवलेली ट्रंक मला तिथूनही दिसत होती. माझ्या जिभेकडून मी एवढी वर्षं किती कामं करून घेतली, आणि ज्या दिवशी जिभेच्या पाठीशी हातांनी उभं राहायला हवं होतं त्या दिवशी हातांनी खळ केली. मला रडू येत होतं, पण खाली तांबट वर बघत होते, म्हणून मी खोकलो.

तेवढ्यात आत चर्र झालं.

मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो. आमची उष्टी ताटं उचलून झाली होती. रिवाजाप्रमाणे आता बायकांनी बसायचं होतं: निवलेलं वरण, वाळलेली पोळी. पण चुलीत लाकडं पुन्हा धडधडून पेटली होती, आणि बायको पदर खोचून कढईपुढे उभी होती. शेजारच्या परातीत तिच्या जाड्या शेवया भिजून निथळत होत्या. आई पाट शोधत होती.

"पाट नको, सासूबाई," बायको म्हणाली. मान वर न करता. "ताट हातात घ्या आणि तिथंच बसा. हे वाढून ठेवलं की बिघडतं. ह्यांचं तेवढंच चुकलं."

"आणि तू?"

"माझं मागून करते."

"मी खात बसू नि तू उभी?"

"तिकडे असंच असतं म्हणे."

लसूण, मूग, पात, शेवया. तिनं त्या बाईला कधी पाहिलं नव्हतं, पण मी जे फुशारकीनं सांगत होतो ते तिनं नीट ऐकून ठेवलं होतं. तिचं उलथनं माझ्यासारखं भिरभिरलं नाही. थोड्या शेवया चुलीतही पडल्या. कढई तिरकी झाली आणि आईच्या हातातल्या ताटात वाफाळती, सुटी सुटी शेवई पडली. दाण्याचा कूट. लिंबू. बायको म्हणाली, "खा लवकर."

आई भिंतीला टेकून, मांडीवर ताट घेऊन बसली होती. तिनं घास उचलला, तोंडात घातला आणि एकदम हा हा करत तोंडाशी हात हलवायला लागली.

"पाणी देऊ?" मी दारातून विचारलं. मला वाटलं, हेही फसलं.

तिनं हातानंच नको म्हटलं. घास गिळला. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिनं पदरानं टिपलं.

"तोंड भाजलं," ती म्हणाली. "किती वर्षांनी भाजलं."

आणि ती हसली. मी तिथंच उभा राहिलो. आईला गरम जेवताना मी कधी पाहिलंच नव्हतं. तिनं दुसरा घास घेतला, फुंकर घातली, तिसरा घेतला. ताट निम्मं झाल्यावर म्हणाली, "या हिच्याच शेवया ना? खालच्या डब्यातल्या?"

"हो," बायको म्हणाली.

"त्या बाजारातल्या बाया," आईनं मला विचारलं, "त्या अशाच खातात म्हणालास? वाडगा हातात आला की?"

"हो."

"कोणासाठी थांबत नाहीत?"

"थांबलं तर बिघडतं ना, आई."

तिनं ताट संपवलं, बोटं चाटली, उठली, आणि बायकोच्या हातातून उलथनं काढून घेतलं. "बस आता तू. सांग कसं करायचं ते." बायको बसली. आईनं तिच्यासाठी कढई टाकली, आणि सुनेनं पहिला घास घेईपर्यंत ती तिच्याकडे बघत उभी राहिली. मग तशीच पुढच्या खोलीत गेली.

"दादा, ऊठ. पोरीला जाऊ दे ह्याच्याबरोबर."

मामांनी एक डोळा उघडला. "आत्ता तर नाय म्हणालो."

"ते तू ह्याच्या हातचं खाऊन म्हणालास," आई म्हणाली. मामांनी तो डोळा पुन्हा मिटला.

निघायच्या आदल्या आठवड्यात आईनं पाट मांडला आणि जन्मात पहिल्यांदा मुद्दाम जाड शेवया केल्या. तिथं मिळतात, मी सांगून पाहिलं. "मिळत असतील," ती म्हणाली आणि डबा भरला. सायगावात तो डबा पुष्कळ दिवस पुरला, कारण बायको त्या शेवया फक्त सणाला काढी. मला तिथंही चुलीपाशी फिरकू दिलं जात नव्हतं. कोपऱ्यावरच्या बाईशी तिची खुणांनी मैत्री झाली, आणि दोघी माझ्याकडे बघून हसत. काय सांगत होत्या ते मी विचारलं नाही.

निघायच्या दिवशी, स्टेशनाकडे जायला टांगा दारात उभा होता तेव्हा मला उशिरानं सुचलं ते मी आईला विचारलं. "तू आता एकटी जेवणार. बरं वाटेल का तुला?"

"न वाटायला काय झालं?" ती टोपली टांग्यात सरकवत म्हणाली. "आता पहिल्या पंगतीला मीच. गरम गरम जेवीन."

आम्ही तिघेही हसलो. ते हसू मला नाशिक रोडपर्यंत पुरलं. गाडी सुटल्यावर बायको खिडकीकडे तोंड करून रडत होती, आणि मी इगतपुरीपर्यंत तिच्याशी एक शब्दही बोललो नाही, कारण त्या दिवशी मला एकसुद्धा थाप सुचली नाही.